डोंग्यातला अबोला

“साहेब, त्या मागच्याले सांगा जी, डोंगा डाव्या अंगानं घे म्हना,” डोंग्याच्या टोकाशी उकिडवा बसलेला दसाराम म्हणाला.

उल्हासने मान वळवली आणि माझ्या डोक्यावरून आवाज दिला, “डावीकडून घ्यायला सांगताहेत.”

“साहेब, त्या पुढच्याले सांगा,” मागे बांबू रोवत उभा असलेला ताराचंद म्हणाला, “डाव्या अंगानं चिखल हाय. फसते डोंगा.”

“तिकडे चिखल आहे म्हणताहेत.”

“त्याले म्हना, चिखल मले शिकवू नोको.”

“चिखल त्यांना...” उल्हास अडखळला. बँकेत अधिकारी होता बिचारा. दुसऱ्याचं भांडण सभ्य भाषेत कसं पोचवायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. “त्यांना त्या चिखलाची कल्पना आहे, असं म्हणताहेत.”

“असं का,” ताराचंद म्हणाला आणि त्याने डोंगा डावीकडे घेतला.

दसाराम आणि ताराचंद हे सख्खे भाऊ. दोघांमधलं अंतर म्हणाल तर अंगणातल्या दोन खाटांएवढं. एकाने सुस्कारा सोडला तर दुसऱ्याला ऐकू जाई. पण दोन पावसाळ्यांपासून त्यांचा एकमेकांशी अबोला होता. त्यांच्या मधे आम्ही नवरा-बायको एकामागे एक बसलो होतो, आधी उल्हास आणि त्याच्यामागे मी. आणि आमचा अबोला आठ दिवसांचा होता. चार माणसं, दोन अबोले आणि जरा कूस बदलली तर कलंडेल असा चिंचोळा डोंगा. त्यात बसून आम्ही सारस पक्षी बघायला निघालो होतो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या अबोल्याचं कारण मला अजून तोंडपाठ आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी उल्हासच्या साहेबांच्या घरी गेले होते. साहेबांच्या बायकोने, घाटोळेबाईंनी, मला कुंकू लावलं, वाण म्हणून हातात चहाची गाळणी ठेवली आणि गोड हसून विचारलं, “मग, कोल्हापूरला घर पाहिलं का?”

“कुणी?” मी विचारलं.

“अगंबाई! तुला माहीत नाही? महिना झाला की बदलीची ऑर्डर येऊन.”

खोलीभर बायका होत्या. सगळ्यांची तोंडं तिळगूळ चघळायची थांबली. मी नागपूरच्या शाळेत नुकतीच कायम झाले होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि माझा नवरा कोल्हापूरला चालला आहे ही बातमी मला गाळणीसोबत मिळाली. त्या रात्री मी त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की मला कळलं आहे, आणि तोही गप्प झाला. भांडले असते तर बरं झालं असतं. पण आमच्या घराण्यात बायका भांडत नाहीत, तोंड मिटतात, आणि त्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

सावरबोडीची सहल त्याआधीच ठरलेली होती. उल्हासला पक्ष्यांचं वेड. नवी दुर्बीण घेतल्यापासून तो गॅलरीतल्या कबुतरांकडेही तिच्यातूनच बघायचा. गोंदिया जिल्ह्यातल्या या गावाने तलावाकाठी पाहुण्यांची सोय केली होती. डोंगे गावातल्या ढीवरांचे, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचे, जेवण बायकांच्या बचत गटाचं, राहायला गावातलीच घरं, आणि सगळा कारभार गावच्या समितीचा. मी जायला नाही म्हटलं नाही, कारण माझं माहेर गोंदियाचं आणि सावरबोडीच्या फाट्यावरून गोंदियाची बस थेट जाते. दोन दिवसांच्या सहलीला मी साड्या, स्वेटर, तपासायचे पेपर असं सगळं कोंबलेली मोठी बॅग घेतली. उल्हासने ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मी तिच्यासकट नागपूरला परत येणार नाही, हे त्याला वजनावरूनच कळलं असणार.

आज हे हसत सांगते आहे, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. मी खरंच निघाले होते.

आमचा मुक्काम समितीच्या अध्यक्ष भागरताबाईंच्या घरी होता. बाई आडव्या अंगाच्या, आवाज तलावाच्या पलीकडे जाईल असा. संध्याकाळी त्यांनी आम्हाला ‘ग्रामीण जीवनाचा अनुभव’ म्हणून जात्यावर बसवलं. समितीच्या कार्यक्रमात तसं लिहिलेलंच होतं. मी गोंदियाची, जातं मला नवं नव्हतं, पण जात्याला दोघं लागतात. समोरासमोर बसून, एकच खुंटा धरून, मी चुलीकडे आणि उल्हास गोठ्याकडे बघत आम्ही दळलं. तो मला घाई आहे असं समजून जोरात ओढायचा आणि मी मुद्दाम सोडून द्यायची. भागरताबाईंनी पिठात बोटं घातली.

“बाप्पा! हे पीठ नोहे जी, जाड्याभरड्या कन्या हायेत. तुमी दोघं बोलत नाई का?”

“घसा बसलाय माझा,” मी म्हटलं.

“अन् साहेबाचा?”

“त्यांचाही.”

“दोघायचेही!” असं म्हणून त्यांनी अडुळसा, मिरे आणि आणखी कसलासा पाला घालून काढा केला. तो इतका कडू होता की आम्हाला दोघांनाही एकमेकांकडे बघावंसं वाटलं. बघितलं मात्र नाही.

रात्री तांदळाची भाकर आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी वाढता वाढता त्यांनी उद्याचं सांगितलं. “दसाराम पाखरं दाखवील, ताराचंद डोंगा चालवील. दोघं भाऊ हायेत. एकमेकासंग बोलत नाईत, पन तुमी फिकर करू नोका.”

“न बोलता डोंगा कसा चालतो?” मी विचारलं.

“पाहुने रायतात ना मधात. एकानं पाहुन्याले सांगाचं, पाहुन्यानं दुसऱ्याले सांगाचं. आजवर कोनी बुडलं नाई.”

“मग दोघांना वेगवेगळ्या डोंग्यांवर पाठवा की.”

“पाळी हाय म्याडम. पाखरं दाखवनाऱ्यायची येगळी, डोंगेवाल्यायची येगळी. उद्या दोघायची संगच आली. एकाची पाळी हलवली त गावात आनखी धा अबोले होतील.”

“पण झालं कशावरून?”

“कोनाले ठाऊक! कोनी म्हन्ते जाळ्यावरून, कोनी म्हन्ते बोकडावरून. घरं लागून हायेत, अंगन एक हाय. घरी बकरीसंग बोलतात. ‘ए बकरे, सांग त्याले, जेवाले ये म्हना.’ का थो येते. एका ताटात जेवतात अन् तोंडानं बोलत नाईत.”

मला ते सगळं विनोदी वाटलं. आपलं स्वतःचं तसं कधी वाटत नाही.

तर, डोंगा. काठाजवळ फक्त बगळे आणि पाणकोंबड्या होत्या, तोपर्यंत उल्हासचं ओरडून निरोप पोचवणं चालून गेलं.  तो बोलायचा, मी मधे बसून तलाव बघायची. पण तलावाच्या पलीकडच्या टोकाला उथळ पाणी होतं, देवधान, म्हणजे रानभात, माजलं होतं आणि कमळाच्या पानांनी पाणी झाकून टाकलं होतं. तिथे पोचताच दसारामने हात वर केला.

“साहेब, आता ओरडू नोका,” तो कुजबुजला. “सारस बुजते. तुमी म्याडमच्या कानात सांगा, म्याडम त्याले हळूच सांगतील.”

उल्हासची मान ताठ झाली. मी आकाशाकडे पाहिलं.

“सांगा, हळू चाल म्हना.”

उल्हास खाकरला. मग समोरच्या कमळाच्या पानांकडे बघत म्हणाला, “हळू चालवायला सांगितलंय.”

मी गप्प बसले. त्याने कमळांना सांगितलं होतं, कमळांनी सांगावं. डोंगा होता त्याच वेगाने पुढे जात राहिला.

“साहेब, सांगतलं का?”

“सांगितलं.”

“मंग?”

“पोचलं नसावं.”

ताराचंदने वाकून माझ्या कानाशी तोंड आणलं. “म्याडम, साहेब काई म्हनून रायले का?”

“मला कुणी काही म्हटलेलं नाही.”

“मलेही तसंच वाटलं,” ताराचंद समाधानाने म्हणाला आणि त्याने बांबूला आणखी एक रेटा दिला.

तेवढ्यात सारस दिसले. देवधानात दोन उंचच उंच राखी पक्षी, लालभडक मानांचे. माझा राग होता तिथेच होता, पण खोटं कशाला सांगू, ते बघून मी श्वास घ्यायची थांबले. माणसाएवढा पक्षी मी कधी पाहिला नव्हता.

“जोडी हाय,” दसाराम कौतुकाने कुजबुजला. “जन्मभर एकमेकाले सोडत नाईत. येक मेला त दुसरा दाना सोडते. दिवसभर बोलतच रायतात एकमेकासंग.”

आम्ही वाट पाहिली. दोन्ही सारस एकमेकांकडे पाठ करून उभे होते. एक चिखलात चोच खुपसत होता आणि दुसरा गोंदियाच्या दिशेला बघत होता. बराच वेळ गेला तरी ते तसेच.

“काल बोलत होते जी,” दसाराम ओशाळून म्हणाला. “आज त्यायचं काय झालं, का माईत.”

मला हसू फुटत होतं. मी पदर तोंडात धरला, कारण पुढे उल्हासची पाठ गदगदत होती. एकाच गोष्टीला दोघं हसलो असतो तर अर्धा अबोला तिथेच सुटला असता आणि कुणाचा सुटला यावर पुन्हा वाद झाला असता. मी नेटाने गंभीर झाले. थोड्या वेळाने त्याचीही पाठ थांबली.

“जरा जवळ नेता येईल का?” उल्हासने दसारामला विचारलं. त्याला फोटो हवा होता.

डोंगा हळूहळू पानांतून सरकू लागला. दसाराम ओणवा होऊन पाण्यात बघत होता. मागे उभ्या असलेल्या ताराचंदला आमची डोकी आणि कमळाची पानं यांपलीकडे काही दिसणं शक्य नव्हतं. अचानक दसारामची पाठ ताठ झाली.

“साहेब! पान्यात खोड हाय. सांगा, उजव्या अंगानं घे म्हना. लवकर!” हे सगळं कुजबुजत. पक्ष्यांची शिस्त त्याने तेव्हाही मोडली नाही.

“उजवीकडे,” उल्हास कमळांना म्हणाला.

कमळं गप्प. मीही.

“सांगतलं का जी?”

उल्हासने अर्धी मान वळवली. “उजवीकडे घ्यायला सांगायचं आहे. कुणीतरी.”

कुणीतरी! अग्नीला साक्ष ठेवून आणलेली बायको, आणि मी कुणीतरी. नाव घेऊन सांगितलं असतं तर मी त्याच क्षणी सांगितलं असतं. मागे ताराचंद बांबू वर धरून थांबला होता. त्याला अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं, पण ऐकू येणं वेगळं आणि निरोप येणं वेगळं. त्याला निरोप हवा होता.

“ज्यो...” उल्हास म्हणाला, आणि डोंगा खोडावर चढला.

माघातलं पाणी कसं असतं ते मी त्या दिवशी शिकले. डोंगा कलंडला आणि आम्ही चौघंही चार दिशांना गेलो. पाणी छातीपर्यंतच होतं, पण पाय घोट्यापर्यंत गाळात रुतत होते. मी वर आले तेव्हा डोक्यावर पाणवेल होती. समोर उल्हास एका हातात दुर्बीण उंच धरून उभा होता. दुसऱ्या हाताने त्याने माझा दंड घट्ट पकडला होता, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

पलीकडे ताराचंद उभा राहिला. त्याने डोंग्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग चौफेर पाहिलं. दसाराम कुठेच नव्हता. त्याची मळकी टोपी तेवढी पाण्यावर फिरत होती.

“दादा!” ताराचंद ओरडला.

सारस उडाले. त्यांच्यामागे बगळे, बदकं, अख्खा तलाव उडाला.

“दादा! ए दादा!” तो पाण्यात दोन्ही हात घालून चाचपडत सुटला. “दसारामदादा! ओ दे ना गा! साहेब, माहा दादा कुठी गेला? म्याडम, तुमाले दिसला का?” एवढा धिप्पाड माणूस, आवाज लहान पोरासारखा चिरकला होता. मी घाबरून उल्हासचा सदरा धरला. मला वाटलं, आमच्या अबोल्यापायी एक माणूस गेला.

“इथं हावो,” देवधानाच्या दाटीमागून शांत आवाज आला. “ओरडू नोको, पाखरं उडतात.”

पाती बाजूला करून दसाराम बाहेर आला. धडधाकट, फक्त ओला.

“मंग ओ कायले देत नव्हता?” ताराचंद धापा टाकत म्हणाला.

“देनार होतो. पन तू लय दिसानं दादा म्हनून रायला होता. म्हटलं, आनखी दोन येळा म्हनू दे.”

ताराचंदने पाण्यावर अशी मूठ आपटली की आम्ही पुन्हा भिजलो.

“तुले गंमत वाटते? मागंही तू असंच केलं! नागपूरच्या दवाखान्यात जाऊन पोट फाडून घेतलं अन् मले सांगतलं नाई! मी तिकडं लोकायचं धान कापत होतो. मले कोनाकून समजलं? बजारात, सुकट इकनाऱ्या बाईकून! ‘तुहा भाऊ वाचला का गा’ म्हने. मेला असता त मले तुह्या मरनाची बातमी सुकटीसंग भेटली असती!”

“तुले सांगतलं असतं त तू काम टाकून आला असता.”

“आलोच असतो!”

“म्हनून त नाई सांगतलं.”

“थेच त म्हनून रायलो मी!” ताराचंद ओरडला आणि रडू लागला. “मी कोनी नोहो का तुहा?”

 दसारामने तरंगती टोपी उचलली, पिळली, पुन्हा पिळली. तिच्यात पाणी उरलं नव्हतं.

“चुकलं गा माहं,” तो शेवटी म्हणाला.

जाळं नाही, बोकड नाही. सुकट विकणारी बाई! मी त्या थंड पाण्यात उभी राहिले आणि मला घाटोळेबाईंची बैठक दिसली, तिळगूळ चघळायची थांबलेली तोंडं दिसली, आणि मी हुंदके देऊन रडायला लागले. आठ दिवसांत एकदाही रडले नव्हते. आपल्याला नेमकं काय दुखतंय हे दुसऱ्याच्या तोंडून कळावं लागलं.

उल्हास गोंधळला. “दसारामभाऊ,” तो म्हणाला, “मॅडमना विचारा, लागलं का कुठे?”

दोन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तुमीच इचारा जी,” दसाराम म्हणाला. “आमचं झालं.”

“आमी आता कोनाचं काई सांगत नाई,” ताराचंदने नाक पुसत दुजोरा दिला. दोन पावसाळ्यांत त्यांचं पहिलंच एकमत होतं ते.

मग उल्हास माझ्याकडे वळला. चष्मा तलावात गेला होता, त्यामुळे त्याला मी नीट दिसत नसणार. त्यानेच धीर आला की काय कोण जाणे.

“ज्योत्स्ना, तुला राग बदलीचा नाही आला. घाटोळेबाईंकडून कळलं, त्याचा आला. हो ना?”

“हो,” मी म्हटलं. आठ दिवसांतला त्याच्याशी माझा पहिला शब्द. “सगळ्या बायकांसमोर गाळणी हातात घेऊन उभी होते मी. तू कुठे जाणार आहेस ते त्यांना माहीत, मला नाही.”

“मी बदली रद्द करून घ्यायच्या मागे होतो. रद्द झाली तर तुला सांगायचंच नाही, असं ठरवलं होतं. उगाच तुझ्या जिवाला घोर नको.”

“आणि रद्द झाली नाही तर?”

त्याने पाण्यात उभ्या उभ्या विचार केला. “त्याचा विचार केला नव्हता.”

“कोल्हापूरहून फोन केला असतास.”

“हो, बहुतेक,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“साहेब, असं नोका बोलू जी,” ताराचंद कळवळून म्हणाला. “गप बसा पाह्यजे तर.”

दोघा भावांनी डोंगा सरळ केला. परत येताना निरोप पोचवायची गरज नव्हती. ते दोघं सारखे एकमेकांना शिव्या देत होते, डावीकडे घे, उजवीकडे घे, आंधळा हायेस का, आणि तलावात बघायला एक चिमणीसुद्धा उरली नव्हती. काठावर भागरताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बुडालो कसे हे त्यांनी विचारलंच नाही.

“पयले कोन बोललं?” त्यांनी विचारलं.

“थो,” दसाराम म्हणाला.

“थो,” ताराचंद म्हणाला.

मग त्या आमच्याकडे वळल्या. “अन् तुमचे घसे?”

“उघडले,” उल्हास कुडकुडत म्हणाला.

“माह्या काढ्याचा गुन हाय,” भागरताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आम्हाला पुन्हा तोच काढा पाजला.

पण एका शब्दाने संसार उभा राहत नाही. दुपारी कोरडी साडी नेसून मी बॅग उचलली आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. उल्हास मागोमाग आला.

“मी गोंदियाला चालले आहे,” मी त्याला सरळ सांगितलं.

“मी येऊ?”

“ये. बाबांना तूच सांग. माझ्या नवऱ्याने मला सांगितलं नाही, हे सांगायची मला लाज वाटते. त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांग. मग मी ठरवते, तुझ्याबरोबर परत यायचं की नाही.”

त्याचा चेहरा उतरला. “बाबांना सांगायलाच हवं का?”

“हवं.”

बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, “ज्योत्स्ना, एक सांगायचं राहिलं...”

“घरी गेल्यावर सांग.”

आमगावच्या अलीकडे पुन्हा म्हणाला, “ते जरा आधीच सांगितलं तर बरं...”

“बाबांसमोर सांग,” मी म्हटलं. मला वाटलं, घाबरलाय. मनातून थोडं बरंही वाटलं.

दार बाबांनीच उघडलं. आम्हाला दोघांना बघून त्यांचा चेहरा फुलला.

“या, या जावईबापू! काय झालं मग? बदली रद्द झाली का?”

उल्हासने डोळे मिटले. “हेच सांगायचं होतं,” तो पुटपुटला.

मी उंबऱ्यातच थांबले. “बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“म्हणजे काय? ऑर्डर आली त्याच दिवशी यांचा फोन आला. ज्योत्स्नाला कसं सांगू, म्हणून विचारत होते. फार घाबरले होते बिचारे. मी म्हटलं, तुम्ही नका सांगू, मी सांगतो तिला नीट.”

“मग?”

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. “मग मी तुझ्या आईला म्हटलं, तू सांग. बायकांचं बायकांना बरं सांगता येतं.”

“आई!”

आई हात पुसत बाहेर आली. “मला वाटलं, जावईबापू सांगतीलच. नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला पडा!”

मी बॅग खोलीच्या मधोमध ठेवली. माझ्या सवयीप्रमाणे त्या क्षणी मी तोंड मिटायला हवं होतं. तिघांशीही, निदान पुढच्या संक्रांतीपर्यंत. आईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिचीही तीच अपेक्षा होती. पण माझं तोंड मिटेना. मी गाळणीपासून सुरुवात केली. गाळणीवरून कोल्हापूर, कोल्हापूरवरून कमळं, कमळांवरून ‘कुणीतरी’. मग बाबांना धरलं, त्यांच्यावरून आईवर आले, तिथून पुन्हा उल्हासवर. चहा झाला, निवला, पुन्हा गरम झाला. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि दारातूनच परत गेल्या. आईने खिचडी टाकली तरी मी बोलतच होते. मी इतकं बोलू शकते हे मलाही तोवर माहीत नव्हतं. मधे रडले, मधे सारसांचं सांगताना हसलेही, पण थांबले नाही.

उल्हास माझ्यासमोर पाटावर बसून ऐकत होता.  माझी बॅग त्याने केव्हाच उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली होती, आणि त्याच्या चष्मा नसलेल्या चेहऱ्यावर असा आनंद होता की त्याला बघून मला आणखी चेव येत होता.

शेवटी बाबा त्याच्याकडे सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “जावईबापू, हिला गप्प बसवा हो जरा.”

“नको बाबा,” उल्हास म्हणाला. “गप्प बसलेली पाहिली आहे मी.”